कंसातले गाव

महाराष्ट्रात गावे उदंड आणि नावे मोजकी, हा घोटाळा फार जुना आहे. पिंपरी, वडगाव, तळेगाव अशी दोनचार नावे घेऊन आपल्या पूर्वजांनी अर्धा मुलूख वसवला आणि पुढच्या पोस्टमनची काळजी देवावर सोपवली. मग ह्यातून वाट काढण्यासाठी लोकांनी गावाला आडनाव लावले. पुण्याकडे तळेगाव दाभाडे झाले, तळेगाव ढमढेरे झाले. आमच्याकडे तळेगाव श्यामजीपंत झाले. पण आमच्या वर्धा जिल्ह्यात ह्या आडनावाभोवती कंस घालण्याची रीत पडली आहे. तळेगाव (श्यामजीपंत), आष्टी (शहीद), कारंजा (घाडगे). नागपूरहून अमरावतीला निघालेल्या एस.टी.च्या प्रवाशाला ही तिन्ही नावे कंसासकट पाट्यांवर भेटतात. मी ह्या तिसऱ्या कंसातला रहिवासी.

कंस काढून टाकला तर काय होते, ते माझ्या लग्नाच्या वेळी आमच्या घराने अनुभवले. आईचे एक चुलतभाऊ, म्हणजे माझे मामा, खानदेशात राहत. पत्रिकेवर छापखान्याने नुसते ‘मु. पो. कारंजा’ एवढेच छापले होते. मामा मामींना घेऊन निघाले ते थेट कारंजा लाडला उतरले. ते कारंजा आजच्या वाशीम जिल्ह्यात; नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून दत्तभक्तांत त्याची मोठी ख्याती. मामांनी गावभर मांडव शोधला, सापडला नाही तेव्हा गुरुमंदिरात दर्शन घेतले, प्रसाद घेतला आणि परत गेले. आठ दिवसांनी त्यांचे पत्र आले : ‘लग्न दिसले नाही, परंतु महाराजांचे दर्शन उत्तम झाले. वधूवरांस आशीर्वाद.’ पुढे १९७२ च्या स्वातंत्र्यदिनापासून देशात पिनकोड सुरू झाला होता खरा, पण आमच्या नातलगांपर्यंत तो पोचायला बरीच वर्षे लागली. अजूनही बाहेरगावचा माणूस ‘कारंजा’ म्हटले, की ‘लाड का?’ असे लगेच विचारतो. आम्ही ‘नाही जी, घाडगे’ म्हणतो. त्यावर त्याच्या चेहऱ्यावर जी किंचित निराशा उमटते, तिची आता आम्हाला सवय झाली आहे.

तेव्हा आधी गाव कुठे आहे ते सांगतो. नागपूर आणि अमरावती ह्या दोन शहरांच्या जवळजवळ मध्यावर, वर्धा जिल्ह्याच्या उत्तर टोकाकडे, डोंगराळ भागात आमचे गाव आहे. वर्धा जिल्हा म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर सेवाग्राम येते, पवनार येते, नाहीतर हिंगणघाटच्या कापसाच्या गाड्या येतात. तो जिल्हा दक्षिणेचा, काळ्या मातीचा. आमच्याकडे सातपुड्याचे फाटे उतरले आहेत. जमीन हलकी, मुरमाड, मधूनमधून नाले, टेकड्या, आणि टेकड्यांवर गवत. जुन्या काळी शेतापेक्षा गवतच अधिक. परदेशात मैलोगणती गवताची पठारे असतात असे आम्ही भूगोलात शिकवायचो. मुले विचारायची, ‘गुरुजी, म्हणजे आपल्या रमण्यासारखं?’ मी म्हणायचो, ‘होय, पण आपल्या रमण्याला पलीकडे टोक आहे, त्याला नाही.’

ह्या मुलखाचा इतिहास फार मोठा नाही. आणि जो आहे, तो बहुतेक शेजारच्या गावांना वाटून दिलेला आहे. मोगलांच्या वेळी, जहांगीरच्या कारकीर्दीत, आष्टी, आमनेर, पवनार आणि तळेगाव हे परगणे महंमदखान नियाझी नावाच्या अफगाण सरदाराला जहागीर म्हणून मिळाले. त्याने जंगल तोडवून लागवड वाढवली, आष्टीला ऊर्जितावस्था आणली. त्याची आणि त्याचा मुलगा अहमदखान ह्याची अशा दोन देखण्या कबरी आष्टीला आहेत. आमच्या लहानपणी शाळेची सहल तिथे जायची. शिदोरी खाऊन झाली की गुरुजी घुमटाकडे बोट दाखवून ‘मोगल शैली’ असे म्हणत आणि आम्ही वहीत तेवढेच लिहीत असू. पुढे नागपूरकर भोसले आले. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि इंग्रजांनी राज्य खालसा केले. १८६२ साली नागपूर जिल्ह्याचा तुकडा पाडून वर्धा जिल्हा करण्यात आला. त्याचे मुख्य ठाणे आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होते, १८६६ मध्ये ते पालकवाडी नावाच्या खेड्यात हलवले, आणि त्याच पालकवाडीचे वर्धा शहर झाले. पालकवाडीला नशीब म्हणतात ते असे मिळाले!

आमच्या नशिबाला मात्र रेल्वे आडवी गेली. आडवी गेली म्हणजे शब्दशः आडवी. मुंबईची गाडी १८६७ साली नागपूरला पोचली ती बडनेरा, पुलगाव, वर्धा अशी, आमच्या दक्षिणेने. पुढे नागपूरहून इटारसीचा मार्ग झाला तो काटोल, नरखेड असा, आमच्या उत्तरेने. पुलगावपासून आर्वीपर्यंत छोटी गाडी आली, ती आर्वीलाच थांबली; आता तीही नाही. दोन्हीकडून शिट्टी ऐकू येईल इतकेही जवळ रूळ आले नाहीत. जिथे रूळ गेले तिथे सरकी काढण्याचे कारखाने झाले, गठाणी बांधल्या जाऊ लागल्या, बाजार वसले. आमच्याकडे सडक राहिली. हाजिऱ्याहून कोलकात्याला जाणारा तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक सहा. आता त्याला त्रेपन्न म्हणतात. क्रमांक बदलल्याने ट्रकवाल्यांच्या शिव्यांत किंवा चहाच्या चवीत काही फरक पडलेला नाही.

गवताचे म्हणत होतो. आमच्या भागाचे खरे पीक म्हणजे गवत, आणि त्या गवतावर वाढलेली गाय म्हणजे गवळाऊ. अंगाने सडपातळ, रंगाने पांढरी किंवा राखी, पायाने चपळ. भोसल्यांच्या फौजेचे सामान ह्याच बैलांनी दूरदूर नेले असे जुने लोक सांगत. आर्वी, आष्टी, कारंजा हा ह्या जातीचा मूळ मुलूख. कारंज्याजवळ हेटीकुंडीला सरकारचे गवळाऊ पैदास केंद्र आहे. बोरच्या जंगलाकडेच्या टेकड्यांतून नंद गवळ्यांची वस्ती आहे. त्यांची गुरे म्हणजे त्यांची दौलत. गांधीजींनी १९४१ साली वर्ध्याला गोसेवा संघ काढला आणि जमनालाल बजाजांनी आयुष्याचे शेवटचे महिने त्याच कामाला दिले. वर्ध्याच्या गोरस भांडारातला गोरसपाक आज लोक नातलगांना भेट म्हणून नेतात. तो खाताना एखाद्याने उत्तरेच्या ह्या डोंगराकडे तोंड करून नमस्कार करायला हरकत नाही.

गवत काही निरुपद्रवी वस्तू नव्हे, हेही आमच्याच भागाने पाहिले. इंग्रजांनी जंगले राखीव केली तेव्हा झाडांबरोबर गवतही राखीव झाले. ज्या टेकडीवर आजोबांची गुरे चरत, तिथे विळा घेऊन गेले तर नातू गुन्हेगार. समुद्र नसलेल्या आमच्या प्रांताने १९३० साली मीठ कुठून करायचे? लोकांनी मिठाऐवजी गवत कापले. विदर्भात ठिकठिकाणी जंगल सत्याग्रह झाला, आणि आमच्या शेजारचे तळेगाव हे त्यांतले एक गाजलेले ठिकाण. कारंज्याहून अमरावतीकडे जाताना तळेगावच्या अलीकडे जो घाट लागतो, त्याला आजही ‘सत्याग्रही घाट’ म्हणतात. आता त्या घाटाचे नाव वर्तमानपत्रांत येते ते बहुधा ट्रक उलटल्याच्या बातमीत. पण माझ्या शाळेतल्या मुलांना मी तिथे नेऊन विचारत असे, ‘मूठभर गवत कापलं म्हणून तुरुंगात घालणारं सरकार कसं असेल?’ एका मुलाने उत्तर दिले होते, ‘गुरुजी, त्यायच्याकडे गायी नसतीन.’

बारा वर्षांनी, १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, आष्टीच्या पोलीस ठाण्यावर लोक गेले. गोळीबार झाला, गावकरी पडले, पोलीसही मारले गेले. तेव्हापासून आष्टी ‘शहीद’ झाली. म्हणून म्हणतो, आमच्या तिन्ही गावांच्या कंसांत फरक आहे. दोघांना नाव मिळाले ते माणसाच्या नावाने. आष्टीचा कंस रक्ताने लिहिला गेला आहे.

आता मी ज्यासाठी लेखणी हातात घेतली त्या गोष्टीकडे येतो. मी ह्या गावात आणि तालुक्याच्या खेड्यांत पस्तीसएक वर्षे प्राथमिक शिक्षक होतो. शिक्षक म्हटला की त्याच्या पाठीशी शिरगणती लागलेलीच. १९८१, १९९१, २००१ आणि २०११ अशा चार खानेसुमाऱ्यांत मी दारोदार फिरलो. कागदाची पिशवी, पाटीला लावतात तसा पुठ्ठा, आणि घरावर क्रमांक घालायला गेरूचा डबा. ‘गावची लोकसंख्या’ हा तुम्हाला एक आकडा वाटत असेल. माझ्या डोळ्यांसमोर मात्र त्या शब्दाबरोबर दारे येतात. कोणत्या दाराशी कुत्रे होते, कोणत्या दाराशी चहा मिळाला, कोणत्या दाराशी बाईने नवऱ्याचे नाव घ्यायला लाजून शेजारणीकडून वदवून घेतले, हे मला आजही सांगता येईल. चहा तर इतका झाला, की संध्याकाळी जेवायची वासना राहत नसे. नाही म्हणण्याची सोय नव्हती. ‘सरकारी माणूस आमच्या घरचा चहा घेत नाही काय?’ हा प्रश्न ज्या वस्तीत विचारला जाई, त्या वस्तीत तर मुळीच नव्हती.

शिरगणतीचा नियम लोकांना समजावणे हे एक निराळेच काम. ९ ते २८ फेब्रुवारी हा मोजणीचा काळ. त्या काळात जो जिथे राहतो तो तिथला. जन्म कुठला, शेत कुठे, मतदारयादीत नाव कुठे, ह्याला किंमत नाही. २८ तारखेच्या रात्री आम्ही कंदील, पुढे बॅटऱ्या, घेऊन सडकेवर जात असू. बेघरांची मोजणी त्या रात्री होते. सडकेच्या गावात बेघर पुष्कळ सापडतात. पालवाले, मेंढरे घेऊन निघालेले, पुलाखाली निजलेला एखादा म्हातारा. १९९१ च्या त्या रात्री एका पालात आम्ही शिरलो तेव्हा एक बाई नुकतीच बाळंत झाली होती. मूल तासाभराचेही नसेल. माझा सोबती गोंधळला. मी मात्र त्याला म्हटले, ‘लिही. वय शून्य. जन्म इथला.’ ती माणसे दुसऱ्या दिवशी पाल मोडून पुढे गेली असणार. पण त्या वर्षीच्या कारंज्याच्या संख्येत तो एक आहे. आज तो पस्तिशीच्या घरात असेल, आणि आपण कारंज्याचे आहोत हे त्याला ठाऊकही नसेल.

उलट प्रकार २००१ साली घडला. एका खेड्यात, डोंगराच्या पायथ्याशी, एक म्हातारी एकटी राहत होती. घर चांगले चार खणांचे, अंगणात तुळस, गोठा रिकामा. मी नाव लिहिले, वय लिहिले, ‘घरात आणखी कोण?’ विचारले. तिने तिघांची नावे सांगितली. मुलगा, सून, नातू. ‘कुठं आहेत?’ ‘नागपूरले. कंपनीत हाय तो.’ मी म्हटले, ‘आजी, ते तिकडे मोजले जातील.’ ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, ‘तो दिवाईले येते ना जी. घर तं त्याचंच हाय. त्याले लिही ना बाप्पा. पोट माह्यं, मंग गणती नागपूरची काऊन?’

मी तिला नियम समजावून सांगितला. दोनदा सांगितला. ती ऐकत होती, पण तिचे डोळे माझ्या कागदावर होते. त्या मोकळ्या ओळी तिला दिसत होत्या. शेवटी ती म्हणाली, ‘बरं, नको लिहू. पण जागा तं ठेव.’ ह्या वाक्याचे उत्तर मार्गदर्शक पुस्तिकेत नव्हते. मी तिच्या घरची माणसे एक अशी नोंद केली, चहा घेतला आणि पुढच्या घरी गेलो. पुढच्या घराला कुलूप होते.

ही कुलपे मी चार शिरगणत्यांत वाढताना पाहिली. १९८१ मध्ये कुलूप दिसले तर शेजारी सांगत, ‘वावरात गेले असतीन, येतीन आत्ता.’ १९९१ मध्ये सांगत, ‘पोरीच्या घरी गेले.’ २००१ मध्ये ‘नागपूर’, २०११ मध्ये ‘पुणे’. खेड्यांची माणसे कारंज्याला आली, कारंज्याची माणसे नागपूरला गेली, नागपूरची पुण्याला. त्यामुळे गाव वाढलेच नाही असे नाही. आर्वी तहसिलीतून फुटून आम्ही तालुका झालो. कचेऱ्या आल्या, महाविद्यालय आले, सडकेला दुकानांची रांग लागली. २०१५ च्या सुमारास ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली आणि एका रात्रीत आम्ही सतरा प्रभागांचे नागरिक झालो. चावडीवर बसणारे एक गृहस्थ तेव्हा म्हणाले होते, ‘काल पावतर आपुन गावंढळ होतो, आजपासून शहरी. धोतर मात्र तेच राहिलं.’

जिल्ह्याचे आकडे मात्र माझ्या कुलपांच्या बाजूने साक्ष देतात. २००१ साली वर्धा जिल्ह्यात १२,३६,७३६ माणसे होती. २०११ साली ती १३,००,७७४ झाली. दहा वर्षांत चौसष्ट हजार. म्हणजे वाढ जेमतेम पाच टक्के. त्याच दहा वर्षांत सारा महाराष्ट्र सोळा टक्क्यांनी वाढला. सबंध जिल्हा, आठ तालुके धरून, महिन्याला साडेपाचशेनेदेखील वाढत नव्हता. ह्यापूर्वी एकदा जिल्ह्याची संख्या चक्क घटली होती. १८९१ ला चार लाखांवर असलेली वस्ती १९०१ मध्ये ३,८५,१०३ वर आली. मध्ये १८९६–९७ आणि १८९९–१९०० असे दोन दुष्काळ होऊन गेले होते. तेव्हाची माणसे मेली म्हणून कमी झाली. आताची चांगली शिकली, नोकरीला लागली, म्हणून कमी झाली. एक मास्तर म्हणून मी ह्या दुसऱ्या घटीबद्दल तक्रार कोणत्या तोंडाने करू? त्यांतल्या निम्म्यांना पाढे मीच शिकवले आहेत.

जी राहिली ती संत्र्याच्या जोरावर राहिली. नागपूरचे संत्रे म्हणून तुम्ही जे खाता, ते काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी, आष्टी, कारंजा ह्या पट्ट्यातले असते. नागपूर शहरात ते फक्त विकले जाते. २०१४ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेही नागपूरच्याच नावाने. इथेही आम्ही कंसातच! आमच्या मुरमाड जमिनीत पाणी साचत नाही, हे ह्या झाडाला मानवते. माझ्या वडिलांनी शेंदूरजना घाटाहून कलमे आणून तीनशे झाडे लावली. त्यांना आयुष्यात दोनच ऋतू माहीत होते, आंबिया आणि मृग. आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो आणि दिवाळीच्या आगेमागे फळ उतरते. मृग पावसाच्या तोंडाशी फुलतो आणि त्याचे फळ फेब्रुवारी-मार्चात. एका झाडाने दोन्ही बहार घ्यायचे नाहीत. एक निवडायचा आणि दुसऱ्यावर पाणी तोडायचे. झाडाला ताण द्यायचा, मुळे उघडी पाडायची, पाने गळू द्यायची, म्हणजे मग ते फुलते. मृगाला तर उन्हाळाभर ताण हवा आणि वेळेवर पाऊस हवा. पाऊस पंधरा दिवस इकडेतिकडे झाला, की झाड नुसते हिरवेगार उभे राहते, फूल नाही. शिवाय डिंक्या आहे, कोळशी आहे, आणि झाडावरच बाग बोलणारा व्यापारी आहे. भाव ठरवताना तो जे तोंड करतो, ते पाहिले की आपण संत्री पिकवली की काही गुन्हा केला असे वाटू लागते.

दिवाळीच्या दिवसांत मात्र गावाला जी कळा येते ती पाहण्यासारखी असते. सडकेला ट्रक लागलेले, बागांतून तोडणी चालू, पेट्यांत गवत पसरून फळे रचली जात आहेत आणि हवेला सालीचा कडसर गोड वास. आणि पाडव्याच्या दिवशी गायगोधन. गुरांना न्हाऊ घालून शिंगे रंगवतात, गळ्यात माळा घालतात, मोरपिसे बांधतात, शेणाचा गोवर्धन करून त्यावरून गाय नेतात. गोवारी ढोल वाजवत, नाचत, घरोघर जातात. सालभर दुसऱ्यांची गुरे चारणाऱ्या ह्या माणसांचा हा एकच दिवस मानाचा. ह्याच गोवाऱ्यांतली ११४ माणसे २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात, विधानभवनावर मोर्चा नेला असताना, चेंगरून मेली. दिवाळी होऊन तीन आठवडेच झाले होते. त्यानंतरच्या पाडव्याला आमच्याकडे ढोल वाजला. पण वाजवणाऱ्यांकडे पाहणे कठीण गेले. आता गायगोधनाला गायीही थोड्या जमतात. गवळाऊ तर शोधावी लागते. चराईचे माळ संत्र्याखाली गेले, काही प्लॉटांखाली गेले. दूध पिशवीतून येते. पलीकडचे बोरचे जंगल २०१४ साली व्याघ्रप्रकल्प झाले, देशातला सर्वांत लहान. तिथे वाघ आहेत आणि त्यांची मोजणी आमच्यापेक्षा अधिक काळजीने होते.

माणसांची मात्र राहून गेली आहे. २०२१ ची शिरगणती कोरोनामुळे झाली नाही. १८८१ पासून दर दहा वर्षांनी न चुकता चालत आलेला नेम, दोन महायुद्धांतही न मोडलेला, तो मोडला. आता नवा मुहूर्त १ मार्च २०२७ चा ठरला आहे. मोजणी फेब्रुवारीत, आणि ह्या वेळी कागदाऐवजी मोबाइलवर. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने, ती आता शिक्षिका आहे, मला विचारले, ‘सर, कुलूपबंद घराचं काय करायचं असतं?’ मी तिला सगळे सांगितले. पुन्हा पुन्हा जायचे, शेजाऱ्यांना विचारायचे, २८ च्या आत कोणी आले का पाहायचे. ती लिहून घेत होती. जाताना म्हणाली, ‘तुमच्याकडं तर मी पहिल्याच दिवशी येईन.’

तेच तर अडले आहे. आमच्या घरी आता आम्ही दोघेच. मुलगा पुण्याला, मुलगी अमरावतीला. हिचे गुडघे गेल्या दोन पावसाळ्यांपासून बोलू लागले आहेत. माझी दृष्टी तीनशे झाडांतून शेवटच्या ओळीपर्यंत पोचत नाही. मुलाने पुण्याला तीन खोल्यांचे घर घेतले आहे. त्यातली एक आमची म्हणून ठेवली आहे. म्हणजे त्याने जागा ठेवली आहे, असे म्हटले पाहिजे. बागेला गिऱ्हाईकही आहे. सडकेला लागून तीन एकर, हॉटेलवाल्याला हवेच असतात. मुलगा फोनवर हिशेब सांगतो. तो हिशेब बिनचूक असतो, कारण गणित मीच शिकवले. मी म्हणतो, ‘बघू, हा बहार होऊ दे.’ तो म्हणतो, ‘बाबा, तुम्ही पाच वर्षं हेच म्हणताय.’

ही ह्या वादात सहसा पडत नाही. तिचे माहेर आष्टीचे. तिथल्या माणसांना एकदाच काय ते बोलायची सवय. पण परवा रात्री निजण्यापूर्वी तिने सहज विचारले, ‘येत्या गणतीत आपण कुठं राहू?’ मी म्हटले, ‘जिथं असू तिथं.’ ‘ते तुम्ही लोकांना चाळीस वर्षं सांगितलं,’ ती म्हणाली, ‘मी आपलं विचारते.’

काल मुलाचा फोन आला. थंडी संपायच्या आत या, फेब्रुवारीत तिकिटे काढतो, असे म्हणत होता. मी म्हटले, ‘फेब्रुवारीत मृगाचं फळ उतरतं, तेव्हा बाग सोडून कसं येता येईल?’ तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, ‘बाबा, यंदा मृग फुटलाच कुठं? तुम्हीच तर सांगितलं होतं.’

मला काही उत्तर सुचेना. हिने माझ्या हातातून फोन घेतला आणि त्याला विचारले, ‘तुमच्या तिकडं मोजायला मास्तर आला, तर त्याला चहा कोण देते?’